फिनिक्सच्या परिसरात गांजाचे क्लोन घरी लावायचे असतील तर कोणता हंगाम धरावा?

मेसाकर

नमस्कार. आम्ही उभयता ॲरिझोनातील मेसा येथे स्वतःच्या घरात राहतो आणि दोघेही अमेरिकेचे नागरिक आहोत. राज्याच्या कायद्याने परवानगी दिलेल्या मर्यादेत गांजाची तीन-चार झाडे घरी लावावीत असा विचार आहे. बियांपासून सुरुवात केली तर निम्मी झाडे नर निघण्याची शक्यता असते. म्हणून परवानाधारक दुकानातून मुळ्या फुटलेली छाट कलमे, म्हणजे इथल्या बोलीत क्लोन, विकत घेण्याकडे आमचा कल आहे.

माझ्या शंका अशा आहेत. मे महिन्याच्या अखेरीस आणलेले क्लोन परसात लावले तर जून-जुलै काढू शकतील का? परसाला उंच भिंत आहे आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे ऊन थेट येते. दुसरे असे की सॅन दिएगोतील एक नातेवाईक स्वतःच्या झाडांची कलमे द्यायला तयार आहेत. ती गाडीतून आणावीत की दुकानातूनच घ्यावीत? घराच्या गॅरेजमध्येही जागा आहे, परंतु उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापते.

टेंपीचा रहिवासी

लागवडीचे जाणकार लिहितीलच, मी कायद्यापुरते लिहितो, कारण सॅन दिएगोच्या कलमांचा विचार तुम्ही आताच सोडून द्यावा असे मला वाटते. कॅलिफोर्नियात झाड वैध आहे आणि ॲरिझोनातही आहे, तरीही दोन राज्यांची सीमा ओलांडून ते आणणे हा संघीय कायद्याने गुन्हाच ठरतो. ॲरिझोनाच्या आत मात्र एकवीस वर्षांवरील व्यक्ती दुसऱ्या अशाच व्यक्तीला सहापर्यंत झाडे विनामोबदला देऊ शकते; अट एवढीच की पैसे घ्यायचे नाहीत आणि त्याची जाहिरात करायची नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव क्रमांक २०७ नुसार एका प्रौढ व्यक्तीला तिच्या मुख्य निवासस्थानी सहा झाडे आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर एकूण बारा झाडे लावता येतात. झाडे कुलूपबंद, बंदिस्त जागेत असली पाहिजेत, लहान मुलांना तिथे पोहोचता येता कामा नये आणि दुर्बिणीसारख्या साधनाशिवाय ती सार्वजनिक जागेवरून दिसता कामा नयेत. त्यामुळे नुसती भिंत पुरेशी नाही. परसात लावायचे तर कुलूप लागेल असे हरितगृह किंवा पिंजरा हवा. तुमच्या वसाहतीच्या एचओएचे, म्हणजे घरमालक संघटनेचे, नियमही आधी वाचून घ्या.

तुम्ही दोघे नागरिक आहात हे प्रश्नातच लिहिलेत ते बरे झाले, कारण हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असतील. त्यांनी या भानगडीत पडू नये, असे मी स्पष्टच सांगतो. राज्याने दिलेली मुभा इमिग्रेशनच्या कायद्याला लागू होत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात सचोटीचा जो निकष लावला जातो, त्यात राज्यात वैध असलेला गांजाही आड येऊ शकतो, असे यूएससीआयएस या नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी जाहीर केले आहे. हद्दपारीच्या तरतुदीत जी छोटीशी सूट आहे, ती स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगल्याच्या एकाच गुन्ह्यापुरती आहे. लागवड तिच्यात बसत नाही. आणि भारतातील वाचकांसाठी सांगायचे तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजाच्या विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तेव्हा इथली चर्चा तिकडे कोणी अमलात आणू नये.

खानदेशी टूसॉनकर

मी जळगावात टिश्यू कल्चर केळीच्या रोपवाटिकेत काम केले आहे आणि आता टूसॉनमध्ये असतो, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटला. क्लोन उन्हाने मरतो असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते तो उन्हाच्या आधी कोरड्या हवेने मरतो.

कलमाला मुळ्या फुटेपर्यंत ते झाकणाखालच्या दमट हवेत वाढलेले असते. तिथे पाण्याची ददात नसल्यामुळे पानांवर मेणाचा थर जेमतेम धरतो आणि पर्णरंध्रे नीट मिटायला शिकलेली नसतात. हवा पानातून पाणी किती जोराने ओढते हे बाष्पदाबाच्या तुटीवरून मोजतात. २५ अंश सेल्सियस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना ही तूट ०.९५ किलोपास्कल असते, आणि नव्या कलमाला साधारण एवढी किंवा याहून थोडी कमी तूट मानवते. आता जूनमधली फिनिक्सची दुपार घ्या. ४० अंश आणि १० टक्के आर्द्रता धरली तरी तूट ६.६ किलोपास्कलच्या घरात जाते, म्हणजे सातपट. कुंडीत पाणी तुडुंब असूनही रोप मान टाकते ते यामुळेच. मालक घाबरून आणखी पाणी घालतो आणि मुळे कुजतात.

त्यात क्लोनला सोटमूळ नसते. बियांपासून आलेल्या झाडाचे सोटमूळ खोल जाते, कलमाची सगळी तंतुमुळे वरच्या थरातच पसरतात आणि तापणारा थर नेमका तोच असतो. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात ठेवली तर पश्चिमेकडच्या बाजूची मुळे अक्षरशः शिजतात. जमिनीत लावायचे म्हटले तर इथे ॲरिझोनात कलिची नावाचा चुनखडीचा कडक थर कुदळीलाही दाद देत नाही आणि मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास असल्यामुळे झाडाला लोह मिळत नाही; कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून पांढऱ्या किंवा फिकट रंगाची मोठी कापडी कुंडी, तिच्यात कोकोपीट, कंपोस्ट आणि परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज), वर गवताचे जाड आच्छादन, आणि कुंडी तापलेल्या फरशीपासून उचलून लाकडी पट्ट्यांवर, अशी मांडणी मला योग्य वाटते.

केळीची रोपे प्रयोगशाळेतून आली की थेट शेतात जात नाहीत. आधी हरितगृह, मग शेडनेट आणि नंतर शेत, असा त्यांचा प्रवास असतो. क्लोनलाही हेच लागू आहे. घरात आणल्यावर पहिले काही दिवस त्याला एसीच्या झोतापासून दूर, मंद प्रकाशात, सैल झाकणाखाली ठेवा आणि झाकण रोज थोडे अधिक उघडे करत जा. नवी पाने तुमच्या घरातल्या हवेत उमलू लागली की ते रोप खऱ्या अर्थाने तुमचे झाले. दुकानातून आलेली जुनी पाने पुढे वाळली तरी चिंता करू नये.

वऱ्हाडी कूलरवाला

टूसॉनकरांचे विवेचन उत्तम आहे, परंतु मेसाकरांचा मूळ प्रश्न हंगामाचा होता आणि तो बाजूला राहिला. मे महिन्याच्या अखेरीस बाहेर लावू नका, एवढेच त्याचे उत्तर आहे. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता. शेडनेट कितीही टक्क्यांचे बांधा, सावलीतली हवा तेवढीच तापलेली असते.

लोक मग म्हणतात की मार्चमध्ये लावू. तिथे वेगळीच अडचण येते. दुकानातला क्लोन अठरा तासांच्या प्रकाशात वाढलेला असतो आणि मार्चमध्ये दिवस जेमतेम बारा तासांचा असतो. दिवस लहान झाला असे समजून वीतभर झाड फुलोऱ्यावर येते. पुढे दिवस मोठा होत गेला की ते गोंधळून पुन्हा पालवी धरते, एकेरी दलाची वेडीवाकडी पाने काढते आणि त्यात त्याचे कित्येक आठवडे वाया जातात. आपल्या अक्षांशावर जूनमध्येसुद्धा दिवस साडेचौदा तासांचा नसतो, त्यामुळे उत्तरेकडच्या राज्यांतली वेळापत्रके इथे जशीच्या तशी चालत नाहीत.

माझे मत असे की उन्हाळाभर झाड घरात वाढवावे आणि गणपती विसर्जनाच्या सुमारास बाहेर काढावे. सप्टेंबरात दिवस आपोआप लहान होत असतो, झाड लगेच फुलोरा धरते आणि आठ-नऊ आठवड्यांत, म्हणजे नोव्हेंबरात, तयार होते. फिनिक्सच्या खोऱ्यात तोवर गोठवणाऱ्या थंडीचे भय नसते. पावसाळी हंगाम अधिकृतपणे १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, त्यामुळे फुलोरा भरू लागतो तेव्हा हवा पुन्हा कोरडी झालेली असते आणि दमट प्रदेशात फुलोरा कुजवणारी राखाडी बुरशी इथे सहसा त्रास देत नाही. वाळवंटाने दिलेली ही एकच सवलत आहे, ती घ्यावी.

गॅरेजबद्दल लिहितो. नागपूरकडची मंडळी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बसवून मोकळी होतात आणि मे-जूनमध्ये इथेही तो उत्तम चालतो, कारण तो हवा गार करतो आणि ओलावाही देतो. पण जुलैत दक्षिणेकडून दमट वारे आले की नागपुरात पाऊस सुरू झाल्यावर होते तेच होते: कूलर नुसती दमट हवा फेकतो. त्यामुळे गॅरेजवर विसंबू नका. घरातल्या एखाद्या खोलीत झाडे वाढवण्याचा छोटा तंबू आणि एलईडी दिवे लावा आणि दिवे संध्याकाळी उशिरापासून सकाळपर्यंत चालू राहतील असे वेळापत्रक ठेवा. रात्री एसीवरचा भार कमी असतो, आणि अनेक वीजयोजनांत दुपारी चार ते सात या वेळेत वीज महाग असते, ती वेळही टळते.

मेसाकर

सर्वांचे आभार. सॅन दिएगोचा बेत रद्द केला आहे. काल एका दुकानात क्लोन पाहून आलो. त्यांतील काहींच्या फांद्या खोडापासून जवळजवळ काटकोनात आडव्या वाढलेल्या होत्या आणि पाने लहान होती. विक्रेत्याने तो वाणाचा गुण असल्याचे सांगितले. हे खरे मानावे का? तसेच आमच्याकडे पाण्याला सॉफ्टनर बसवलेला आहे, ते पाणी चालेल का?

खानदेशी टूसॉनकर

एखाद्या वाणाची ठेवण तशी असूही शकते, परंतु मी ती रोपे घेणार नाही. आडव्या फांद्या, ठिसूळ खोड, लहान पाने आणि खुंटलेली वाढ ही हॉप लेटंट व्हायरॉइड या विषाणूहूनही साध्या रोगकारकाची लक्षणे आहेत. हा अवघ्या २५६ न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा तुकडा आहे. गांजात तो असल्याचे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात उघड झाले आणि आज क्लोनच्या व्यापारातला हा सर्वांत मोठा उपद्रव आहे. वाईट भाग असा की बाधित मातृवृक्ष, म्हणजे ज्याची कलमे काढतात ते झाड, वरकरणी ठणठणीत दिसू शकतो आणि त्याची कलमे रोग घेऊनच निघू शकतात. मातृवृक्षांची तपासणी केव्हा केली आणि तिचा अहवाल आहे का, एवढे विक्रेत्याला विचारा. अहवाल दाखवता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे. स्वतः नमुना पाठवणार असाल तर मुळांचा पाठवा, कारण पानांत तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो.

घरी त्यावर इलाज नाही. त्याचा प्रसार मुख्यतः कात्रीने होतो आणि कात्री अल्कोहोलने पुसून भागत नाही. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात ती बुडवावी आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावी, नाहीतर गंजते.

नवी रोपे दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि पानाची खालची बाजू भिंगातून पाहत जा. फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसली तर तो कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, आहे. कोरड्या, उष्ण हवेत त्याची वीण झपाट्याने वाढते. द्राक्षबागेच्या सवयीने गंधक मारण्याचा मोह होईल, परंतु हवा तिशीच्या पुढे असताना गंधकाने पाने करपतात. आणि फुलोरा आल्यानंतर कोणतेही औषध फवारू नये, कारण ते धुता येत नाही.

सॉफ्टनरचे पाणी अजिबात घालू नका. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो, आणि कुंडीत सोडियम साठत जातो. अनेक घरांत बागेच्या नळाला सॉफ्टनर जोडलेला नसतो. तुमच्याकडे तसे असेल तर ते जड पाणी परवडले, मात्र मधूनमधून कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईल इतके पाणी देऊन साठलेले क्षार धुवून काढा. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी वापरायचे ठरवलेत तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पूरक द्रावण मिसळावे लागेल, कारण निव्वळ कोकोपीट ते दोन्ही घटक स्वतःच धरून ठेवते.

टेंपीचा रहिवासी

एक पुरवणी जोडतो. रोपे बाहेर काढाल तेव्हा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्याचाही विचार करा. हरितगृहाला पारदर्शक पत्र्याऐवजी दुधी पत्रा लावला तर झाडे दिसत नाहीत आणि दुपारचे ऊनही विखुरले जाते. पावती आणि रोपांसोबतची दुकानाची चिठ्ठी मात्र जपून ठेवा.