शनिवारच्या गप्पा : ‘मॉड’

मेघना (सी-५०३): सगळ्यांना नमस्कार. आजचा विषय माझ्याकडे. ‘मॉड’ ही जुनी अमेरिकन मालिका, सीबीएस वाहिनीवर १९७२ ते १९७८ चालली. न्यूयॉर्कजवळच्या टकाहो गावातली मॉड फिंडले, वय ४७, हा चौथा नवरा, घटस्फोटित मुलगी आणि नातू घरातच. पक्की उदारमतवादी आणि मनात आलं ते बोलून मोकळी होणारी. बी आर्थर या नटीनं काय काम केलंय! उंचीपुरी बाई, खर्जातला आवाज. नवऱ्याकडे नुसती रोखून बघते आणि प्रेक्षक हसायला लागतात.

प्रधान काका (ए-१०१): ही त्या आर्ची बंकरच्या मालिकेतून निघाली ना?

मेघना: बरोबर काका. दोन्ही निर्माता नॉर्मन लिअरच्याच. आर्चीच्या ‘ऑल इन द फॅमिली’मध्ये डिसेंबर १९७१ ला मॉड पहिल्यांदा दिसली. बंकरांच्या घरी सगळे आजारी, म्हणून आर्चीच्या बायकोची ही नात्यातली बहीण शुश्रूषेला येते आणि आर्चीला सळो की पळो करते. पुढच्या सप्टेंबरात तिची स्वतःची मालिका सुरूही झाली.

रोहन (डी-३०२): ताई, खरं सांगू? अशा मालिकांमध्ये नायिकेचंच कायम बरोबर आणि बाकीचे मूर्ख, असं असतं. मला ते भाषण वाटतं.

मेघना: रोहन, इथे तसं नाही, आणि मला ती आवडते ती त्यामुळेच. फ्लोरिडाचा भाग बघ. फ्लोरिडा इव्हान्स ही कृष्णवर्णीय बाई घरकामाला येते. मॉडचा आग्रह, तू पुढच्याच दारानं यायचं, आमच्या पंगतीला बसायचं. फ्लोरिडाला या सगळ्याचा जाच होतो. तिला आपलं काम नीट करून घरी जायचंय. समतेच्या नावाखाली मॉड स्वतःचंच म्हणणं तिच्यावर लादते, आणि फ्लोरिडा ते तिला तोंडावर ऐकवते. मालिका इथे सरळ फ्लोरिडाच्या बाजूनं आहे. एस्थर रोलनं ती भूमिका अशी उभी केली की १९७४ मध्ये फ्लोरिडाला ‘गुड टाइम्स’ ही वेगळी मालिका मिळाली.

जोशी काकू (बी-२०४): गर्भपाताचा भाग गाजला तो याच मालिकेतला का गं?

मेघना: हो काकू, याच मालिकेतला. नोव्हेंबर १९७२ मध्ये दोन आठवड्यांत दोन भाग दाखवले. लेखिका सुझन हॅरिस. ४७ व्या वर्षी मॉडला दिवस जातात. एरवी जगातल्या प्रत्येक प्रश्नावर हिचं मत तयार, पण स्वतःवर आल्यावर हिला काही सुचत नाही. मुलगी कॅरोल सांगते, आई, आता हे कायदेशीर आहे, घाबरू नकोस. (न्यूयॉर्क राज्यात १९७० पासून होतं. देशभरासाठी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो जानेवारी १९७३ मध्ये.) मॉडला वाटतं नवऱ्याला, वॉल्टरला, मूल हवंय, त्याला वाटतं तिला हवंय. दोघंही एकमेकांसाठी मन मारत असतात. शेवटी रात्री ती त्याला विचारते, मी करतेय ते बरोबर आहे ना? तो म्हणतो, आपल्या दोघांच्या आयुष्यापुरतं बरोबर आहे. त्या वेळी तिचा आवाज अगदी खाली आलेला असतो. इतकी बोलकी बाई इतकी हळू बोलते, ते ऐकताना मला भरून आलं.

प्रधान काका: दाखवू दिलं त्यांनी?

मेघना: इलिनॉय राज्यातल्या दोन स्थानिक टीव्ही केंद्रांनी नकार दिला. खरा गदारोळ १९७३ च्या ऑगस्टमध्ये, पुनःप्रक्षेपणाच्या वेळी झाला. तेव्हा कितीतरी केंद्रांनी भाग दाखवला नाही आणि जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं.

जोशी काकू: हे भाग आले त्याच वर्षी आपल्याकडे, १ एप्रिल १९७२ ला गर्भपाताचा कायदा लागू झाला. त्याची शिफारस करणारी समिती शांतिलाल शहांची, ते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. मी नर्स होते, त्यामुळे हे पाठ आहे. कायद्याला सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तरी किती ठिकाणी ‘आधी मिस्टरांना घेऊन या’ म्हणून बायकांना परत पाठवत. चार मुलांची आई बाकावर बसून राहायची, नवरा कामाची पाळी संपवून येईपर्यंत. मला त्याचा फार राग यायचा, अजून येतो.

मेघना: काकू, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मॉडच्या घरी वॉल्टर शेजारी बसून ऐकतो तरी.

रोहन: वॉल्टर म्हणजे एकदम आदर्श नवरा दिसतोय.

मेघना: अजिबात नाही. १९७३ मध्ये त्याच्या दारूवर दोन भाग आहेत. त्यात तो मॉडवर हात उगारून थांबत नाही, मारतो. विनोदी मालिकेत हे दाखवलंय, आणि तिथे प्रेक्षकांना हसवायचा प्रयत्नही नाही.

रोहन: मग सुरुवात कुठून करू?

मेघना: आधी फ्लोरिडाचा भाग. मग नोव्हेंबरचे दोन्ही सलग बघ, मध्ये थांबू नकोस. आणि १९७५ चा एक आहे, त्यात बी आर्थर मानसोपचारतज्ज्ञाकडे बसून अख्खा भाग एकटी बोलते. तो निवांत वेळ असताना बघ.

जोशी काकू: मेघना, ते नोव्हेंबरचे दोन मला आधी दाखव. उद्या दुपारी येते.