मदत हवी आहे: काळी शाई भरलेली आहे, तरी प्रिंटर रंगीत कार्ट्रिज मागतोय

नमस्कार. मी अकोला जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पाचवीची ११ मुलं शिष्यवृत्ती परीक्षेला बसताहेत. झेरॉक्सचं दुकान १८ किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी, आणि शाळा सुटून मी पोचेपर्यंत ते बंद होतं. म्हणून दीड वर्षापूर्वी स्वतःच्या पैशांनी साधा इंकजेट घेतला. एक काळं कार्ट्रिज, एक तीनरंगी.

दर शनिवारी सराव चाचणी घेते. एका मुलाला ६ पानं, म्हणजे ६६ पानं. काळ्या कार्ट्रिजच्या खोक्यावर १९० पानं लिहिलंय. माझं ८५-९० पानांतच संपतं. दुसऱ्या चाचणीला तीन-चार मुलांच्या प्रश्नपत्रिका निघाल्या की अक्षरं फिकी पडायला लागतात. आधी शिरोरेषा तुटते, मग अनुस्वार जातात, आणि मुलं ‘अंक’ ऐवजी ‘अक’ वाचतात.

काल कहरच झाला. काळं कार्ट्रिज नुकतंच नवीन टाकलं होतं. रंगीत संपल्याचा दिवा लागला आणि यंत्राने छापणंच बंद केलं. रंगीत मी दिवाळीआधी महाराष्ट्राचा एक नकाशा छापला होता, तेवढाच. मग ती शाई गेली कुठे?

उद्या चाचणी आहे. भाषा आणि गणित फळ्यावर लिहून देता येईल. पण बुद्धिमत्तेच्या आकृत्या? आरशातली प्रतिमा हाताने काढली की चारही पर्याय जवळपास सारखे दिसतात आणि ज्याला येतं तेही मूल चुकतं. मला ते सहन होत नाही.

आज रात्री काही करता येईल का? आणि पुढे काय घ्यावं? १५,००० रुपयांपर्यंत जमवीन. गावात दिवसातून चार-पाच वेळा वीज जाते, घरी लहान इन्व्हर्टर आहे.

टोनरधूळ:
ताई, आधी आजचं बघू. रंगीत कार्ट्रिज सरळ बाहेर काढा, झाकण लावा आणि छापून बघा. तुमच्यासारख्या दोन कार्ट्रिजच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये एकच कार्ट्रिज असलं तर यंत्र त्याच्यावर चालतं. रिकामं कार्ट्रिज आत असलं की अडतं, काढलं की अडत नाही. छापताना कागदाचा प्रकार ‘साधा कागद’ ठेवा आणि ‘फक्त काळी शाई’ निवडा. नुसतं ‘ग्रेस्केल’ निवडलं तर काही प्रिंटर तिन्ही रंग मिसळून काळा-करडा तयार करतात. तुमचा रंग तिथेही गेला असेल. शिवाय तीनरंगी कार्ट्रिजमध्ये एकटा पिवळा संपला तरी अख्खं कार्ट्रिज संपल्यात जमा.

एक विचारतो, प्रिंटर बंद कसा करता?

धागाकर्ती:
बोर्डवरच्या बटणाने. व्होल्टेज वरखाली होतं म्हणून काम झालं की लगेच बंद करते.

टोनरधूळ:
मग निम्मं उत्तर तिथेच आहे. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की हेड, म्हणजे शाई उडवणारा भाग, बाजूला जाऊन रबराच्या टोपीवर बसतं आणि नोझल, म्हणजे त्याची बारीक छिद्रं, झाकली जातात. बोर्डवरून मध्येच वीज तोडली तर हेड उघडं राहू शकतं आणि शाई सुकते. मग पुढच्या वेळी चालू करताना यंत्र आधी नोझल साफ करतं. ते शाईनेच करतं, आणि बहुतेक वेळा काळ्यासोबत रंगीतही वापरतं. ती शाई कागदावर येतच नाही, आतल्या शोषक पॅडमध्ये जाते. यापुढे आधी प्रिंटरचं बटण, तो पूर्ण शांत झाला की मग बोर्ड. वीज गेली तर प्लग काढून ठेवा, आल्यावर एकदा चालू करून नीट बंद करा.

शिळाप्रेस:
१९० पानांबद्दल. तो आकडा साधारण ५ टक्के पान शाईने भरतं असं धरून असतो, म्हणजे एखादं छोटं पत्र. बुद्धिमत्तेच्या पानावर काळे भरलेले चौकोन, त्रिकोण असतात, ते त्याच्या कितीतरी पुढे जातं. काळ्या भरावाऐवजी तिरप्या रेषा द्या, प्रश्नाला काही फरक पडत नाही. चाचणीची पानं ड्राफ्टमध्ये, म्हणजे कमी शाईच्या सेटिंगवर काढा, पण आधी एक पान काढून अनुस्वार नीट दिसतात का ते बघा.

रिफिलचं, म्हणजे रिकामं कार्ट्रिज पुन्हा शाईने भरायचं म्हणाल तर मी काळं भरून वापरतो, चांगलं चालतं. अट एकच, पूर्ण कोरडं होईपर्यंत छापत राहू नका. या कार्ट्रिजचं हेड शाई तापवून बुडबुडा करतं आणि त्या बुडबुड्याने थेंब उडतो. शाई नसली की तो तापणारा भाग जळतो. रंगीत मात्र भरू नका, रंग एकमेकांत मिसळतात.

पाटीपेन्सिल:
मी पण जि. प. शिक्षक. काळा लेसर प्रिंटर घ्या. टोनर ही भुकटी, महिनाभर पडून राहिली तरी सुकत नाही.

टोनरधूळ:
एरवी मीही लेसरच म्हणालो असतो. पण ताईंकडे लहान इन्व्हर्टर आहे. लेसर भुकटी कागदावर वितळवून बसवतो, त्यासाठीचा रूळ तापताना शेकडो वॅट ओढतो. इन्व्हर्टर बंद पडेल. इंक टँकवाला, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीने भरायची टाकी असलेला इंकजेट, छापताना १०-२० वॅटच्या आसपास घेतो आणि तुमच्या पैशांत बसतो. काळ्या बाटलीवर ४,०००च्या पुढे पानं लिहिलेली असतात. पहिल्या बाटलीतली बरीच शाई नळ्या भरण्यात जाते, तेव्हा ती लवकर उतरली तर घाबरू नका. फक्त मे महिन्याच्या सुट्टीत आठवड्याला एक तरी पान काढा, आपल्याकडच्या उन्हात नोझल सुकायला वेळ लागत नाही.

धागाकर्ती:
रंगीत कार्ट्रिज काढलं आणि यंत्र चाललं! आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, नववी प्रत निघतेय. चौकोनांत तिरप्या रेषा भरल्या, शिरोरेषा अखंड आहे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना उद्या आरशातली प्रतिमा कागदावरच मिळेल.

इंक टँकसाठी एक विचारायचं राहिलं. शाळा ते घर मोटरसायकलवरून न्यायचा झाला तर टाकीतली शाई सांडते का?

शिळाप्रेस:
सांडू शकते. तिरका-उलटा झाला की शाई नळीतून मागे येते, हवा शिरते. एका जागी ठेवा, प्रश्नपत्रिका न्या.