मे महिन्यात रात्रीच चढा

शनिवार-रविवारच हाताशी, त्यात मेचं ऊन, मग ट्रेक जमायचा कसा, असा प्रश्न पडतो. जमतो, फक्त रात्री चढायचं.

कळसूबाई घ्या. शनिवारी संध्याकाळी कसारा लोकल, पुढे आधी ठरवलेल्या जीपने बारी गाव. रात्री अडीचच्या सुमारास चढायला लागलात की उजाडताना १६४६ मीटरवर देवळापाशी असता. वाटेतल्या शिड्यांचं लोखंड उन्हात असं तापतं की कठडा धरवत नाही, त्यामुळे आठनंतर वर रेंगाळू नका. माणशी तीन लिटर पाणी न्याच. वाटेत मिळेल या भरवशावर अजिबात राहू नका.

चढ नको असेल तर मेअखेरीस राजमाची किल्ला. लोणावळ्याहून साधारण १५ किलोमीटर, वाट बरीचशी सपाट. तिथल्या उधेवाडी गावात घरगुती जेवण मिळतं. वळवाची सर येऊन गेली असेल तर काजव्यांनी झाडंच्या झाडं लुकलुकतात. त्यांच्यावर टॉर्च मारू नका, कळकळीची विनंती! त्या उजेडावरच नर-मादी एकमेकांना शोधतात.

आणि रात्रभर जागून परतताना स्वतः गाडी चालवू नका. ड्रायव्हर घ्या, नाहीतर सरळ ट्रेनने या.