माज, मिलन, जुगणे, वीण आणि जोडी

प्रश्न: प्राण्यांवर एक लेख लिहिते आहे आणि 'मेटिंग' व 'पेअर बाँडिंग' (नर-मादीने जोडी जमवून एकत्र राहणं) या दोन शब्दांपाशी अडले आहे. पहिल्यासाठी संभोग, मैथुन, समागम, मिलन असे भरपूर शब्द मिळतात, दुसऱ्यासाठी एकही धड मिळत नाही. मी अनुक्रमे 'मिलन' आणि 'एकनिष्ठता' लिहून पाहिलं, पण वाचताना पाखरांऐवजी लग्नाचं जोडपंच डोळ्यांपुढे येतं. 'मेटिंग सीझन'ला 'विणीचा हंगाम' चालेल ना?

उत्तर: शेवटचं आधी घेतो. सरसकट नाही चालणार. ही वीण व्याण्यातली, म्हणजे पिल्लं होण्याची. बहुतेक पक्ष्यांत जोडी जमणं, घरटं, अंडी, पिल्लं हे सगळं एकाच हंगामात होतं, म्हणून तिथे हा शब्द चपखल बसतो. पण युरोपातल्या तांबड्या हरणांचे नर शरदात माद्यांसाठी झुंजतात आणि पाडसं जन्मतात थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी. थंड प्रदेशातली कित्येक वटवाघळं शरदात जुगतात, मादी नराचं वीर्य हिवाळाभर पोटात सांभाळते आणि गर्भ राहतो वसंतात. अशा ठिकाणी 'विणीचा हंगाम' लिहिलंत तर वाचक भलताच महिना धरून बसेल. तिथे 'समागमाचा काळ' म्हणा.

'जुगणे' मी मुद्दाम वापरलं. युगुल, जुगल, जुगलबंदी यांच्या घरातला अस्सल शब्द आहे. माणसांबद्दल तो ओंगळ वाटतो, प्राण्यांबद्दल अजिबात नाही. 'मिलन' मात्र कवितेत राहू द्या. 'मैथुन' शास्त्रीय पुस्तकात ठीक. गंमत म्हणजे तो आला आहे 'मिथुन'वरून आणि मिथुन म्हणजे नुसती जोडी. वाल्मीकींच्या श्लोकातलं 'क्रौञ्चमिथुन' म्हणजे क्रौंचांची जोडीच.

दुसरं उत्तर: 'माज' विसरू नका. गाय-म्हैस साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते, मग ती फळते, गाभण राहते, उलटली, म्हणजे गर्भ राहिला नाही, तर पुन्हा माज दाखवते. गोठ्यात रोज बोलले जाणारे इतके नेमके शब्द असताना 'लैंगिक उत्तेजनेची अवस्था' असलं काही लिहू नये. फक्त हत्तीच्या बाबतीत जपा. नराच्या गंडस्थळातून स्राव वाहतो, तो आक्रमक होतो, तो 'मद'. इंग्रजीत त्याला 'मस्थ' म्हणतात, तो फारसी 'मस्त'. माज मादीचा, मद नराचा. 'हत्ती माजावर आला' असं छापलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं.

पहिल्या उत्तराला जोडून: आता 'पेअर बाँडिंग'. मला 'जोडी धरणे' सुचतं. कबुतरं बघा. नर गळा फुगवून घुमत मादीभोवती गोल फिरतो, मादी त्याच्या चोचीत चोच घालते, ती खाली बसते, तो पाठीवर चढतो, पंख फडफडवत तोल सावरतो आणि दोन-तीन सेकंदांत उतरतो. हा समागम. त्यानंतर सुमारे १८ दिवस दोघं आळीपाळीने अंडी उबवतात, नर दिवसाचा मधला वेळ आणि मादी उरलेला दिवस व रात्र. पिल्लं निघाली की दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो आणि तो दोघं भरवतात. ही जोडी. सेकंदांचा व्यवहार आणि महिनोन्महिन्यांचा संसार यांना एकच शब्द देणं मला पटत नाही.

'एकनिष्ठ' तर नकोच. पक्ष्यांच्या सुमारे ९० टक्के जाती जोडीने पिल्लं वाढवतात, पण डीएनए तपासला तेव्हा कित्येक घरट्यांत परक्या नराची पिल्लं निघाली. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरीरेन या चिमुकल्या पक्ष्यात तर बहुसंख्य पिल्लं तशी असतात. जोडी मात्र टिकलेली असते, घरटं दोघं मिळून राखतात. प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यात जोडी जुळवण्यात ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांचा हात असतो. तोही जोडी धरतो आणि अधूनमधून बाहेरही जुगतो. निष्ठा हे माणसाने माणसाला लावलेलं माप आहे, ते व्होलला लावू नये.

प्रश्नकर्ती: 'जोडी धरणे' घेतलं! लगेच पुढची अडचण: पक्ष्यांच्या अभ्यासात 'डिव्होर्स' शब्द सर्रास वापरतात. 'घटस्फोट' लिहू का?

उत्तर: कायद्याचा वास येतो. अभ्यासकांना एवढंच सांगायचं असतं की दोघंही जिवंत असून पुढच्या हंगामात वेगळ्या जोडीदाराबरोबर दिसले. त्याला 'जोडी फुटली' म्हणा. सम्राट पेंग्विनांच्या बहुतेक जोड्या वर्षागणिक अशा फुटतात. एक मेला असेल तर मात्र 'फुटली' लिहू नका, तिथे 'जोडीदार गेला' म्हणा. उलट अल्बाट्रॉस हा पक्षी समुद्रावर महिनोन्‌महिने एकेकटा हिंडून त्याच बेटावर, त्याच जोडीदाराकडे परततो. त्याच्यासाठी 'जोडी टिकली' पुरे.