अनुभव धागा : दुकानांचे पॉइंट्स, कार्डं, मेंबरशिप – खरंच पैसे वाचतात का?

सदाशिवी (धागाकर्ती)

लक्ष्मी रस्त्यावर कापड घ्या, कोथरूडात किराणा घ्या, औंधात चप्पल घ्या, काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, नंबर?" घरी पोचेपर्यंत मेसेज हजर, तुमचे अमुक पॉइंट्स जमा. जमा होतात हो, पण त्यातून कोणाच्या घरात खरंच पैसे वाचलेत का, ते लिहा. "छान वाटतं" नको, रुपये सांगा. रेफरल कोड टाकणाऱ्यांना उडवलं जाईल.

माझा हिशेब छोटा आहे. एका साखळी दुकानात १०० रुपयांना १ पॉइंट, पॉइंटचे २५ पैसे. महिन्याला ८ हजारांचा किराणा धरला तर २० रुपये, वर्षाचे २४०. तेही वापरायचे तर एका वेळी किमान इतके पॉइंट हवेत अशी अट. शिवाय बिलाच्या तळाशी "आजची बचत" म्हणून ठळक आकडा असतो, तो एमआरपीतून वजा केलेला. एमआरपीला कोण विकतंय आता? आमचा कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा तेलाच्या पिशवीवर न मागता पाच-दहा रुपये सोडतो.

भुसारी_कॉलनी

ताई, पॉइंट सोडा, "मेंबर प्राइस" बघा. आमच्या इथल्या दुकानात पिवळी चिठ्ठी असते: मोठ्या अक्षरात मेंबरचा भाव आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात "९९९ च्या खरेदीवर, प्रति ग्राहक एक नग". आणि तो भाव बहुतेक वेळा दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडवर असतो. तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, सगळं त्यांच्याच पाकिटातलं. मी आता पाकिटावरचा दर ग्रॅममागे किती पडतो ते वाचते, हल्ली छापलेलंच असतं. दोन पाकिटं शेजारी धरली की मोठं पाकीट स्वस्त असेलच असं नाही, हे तिथेच कळतं.

वर्षाचे गहू, तांदूळ आणि मिरची-धणे आम्ही उन्हाळ्यात एकदम भरतो, मार्केटयार्ड नाहीतर रविवार पेठ. तिथे नंबर कोणी विचारत नाही, पण एका खेपेत जो फरक पडतो तो वर्षभराच्या पॉइंट्सच्या कितीतरी पुढे जातो. अर्थात घरात कोठी ठेवायला जागा हवी आणि पाखडायला माणूस. आमच्याकडे अजून सासूबाई आहेत.

टू_बीएचके_पिंपळेसौदागर

जरा उलट बाजू मांडतो. मी न्यूकॉइन वापरतो, म्हणजे टाटा समूहाच्या ॲपचे पॉइंट. एक कॉइन म्हणजे सरळ एक रुपया, पावली-बिवली नाही. भाजी-किराणा ॲपवरून येतोच, टीव्ही-फ्रिज लागले की त्याच समूहाच्या दुकानातून घेतो. साठलेल्या कॉइन्सवर मिक्सर घेतला, वरून फार थोडे पैसे भरले. मात्र दोन गोष्टी आहेत. मुदत १२ महिन्यांची, तारीख बघत राहावं लागतं. आणि मिक्सर मला हवाच होता, जुना जळाला होता. कॉइन संपतील म्हणून एअर फ्रायर घेणारे मित्रही आहेत माझे.

निवांत_वाचक

आमच्याकडेही तसाच आलाय एक एअर फ्रायर. बटाटे चांगले होतात.

काउंटरपलीकडून

कॉलेजात असताना कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात कॅश काउंटरवर होतो, नाव सांगत नाही. आम्हाला विक्रीचं टार्गेट नव्हतं, नंबरांचं होतं. शंभर बिलांमागे किती बिलांना मोबाईल जोडला, याची यादी रोज रात्री मॅनेजर वाचून दाखवायचा. म्हणून पोरं इतकी मागे लागतात, त्यांच्यावर चिडू नका. नंबर नाही म्हणणाऱ्या काकांच्या बिलाला आमच्यातला एक जण स्वतःच्या मावशीचा नंबर टाकायचा. मावशी कधी दुकानात आली नाही, पण सिस्टिममध्ये ती आमची सगळ्यात निष्ठावान ग्राहक. दिवाळीला तिला खास व्हाउचर गेलं!

तिथे शिकलेली गोष्ट म्हणजे "फक्त तुमच्यासाठी" हा मेसेज कोणाला जातो. जो दर महिन्याला येतो त्याला जात नाही, तो येणारच असतो. तीन-चार महिने फिरकला नाही त्याला जातो. सवलत हवी असेल तर जरा गायब व्हा :)

हिशेबनीस

पेशाने सीए, म्हणून थोडं दुसऱ्या बाजूच्या वहीतलं. १ एप्रिल २०१८ पासून मोठ्या कंपन्यांना इंड एएस ११५ हा लेखामानक लागू आहे. त्यानुसार तुम्ही १,००० रुपयांची खरेदी केली आणि पॉइंट मिळाले, तर दुकानाला सगळे १,००० त्या दिवशी उत्पन्न म्हणून दाखवता येत नाहीत. पॉइंटच्या वाट्याची रक्कम देणं म्हणून बाजूला ठेवायची. पण ती ठरवताना किती पॉइंट कोणी कधीच वापरणार नाही याचाही अंदाज बांधायचा असतो, त्याला 'ब्रेकेज' म्हणतात. म्हणजे तुमचं विसरणं आधीच हिशेबात धरलेलं आहे. योजना फसवी आहे असं म्हणत नाही मी. सगळ्यांनी सगळे पॉइंट वापरले तर ती इतकी उदार राहणार नाही, एवढंच.

औंधची_आजी

मला औषधं कायमची आहेत, बीपी आणि थायरॉइड. दुकान पॉइंट देतं, ते पुढच्या खरेदीला वापरायचे. समोरच्या गल्लीत एक मुलगा बिलावर तिथल्या तिथे टक्के कमी करतो. मी त्याच्याकडे जाते, माझ्या वयात पुढच्या खरेदीचा वायदा कशाला? डॉक्टरांना विचारून दोन गोळ्या जनऔषधी केंद्रातून सुरू केल्या, तिथे छापील किंमतच निम्म्याहून कमी आहे. कार्ड नाही, मेसेज नाही. कधी कधी गोळी संपलेली असते, तेवढी एक चक्कर.

पेढीवरचा_गिऱ्हाईक

विषयाला थोडा फाटा फोडतो, पण निष्ठेचा सगळ्यात मोठा सौदा पुण्यात सोन्याच्या भिशीचा असतो. ११ हप्ते आपले, बारावा सराफाचा. ११ महिनेच का? ग्राहकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती केली नाही तर कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ती ठेव ठरते, म्हणून.

महिना ५,००० धरा. ५५,००० आपले, ५,००० त्यांचे. ऐकायला बँकेच्या आवर्ती ठेवीपेक्षा फारच भारी. पण दागिना त्यांच्याचकडून घ्यायचा. ६० हजारांच्या सोन्यावर त्यांची घडणावळ १४ टक्के असेल तर ८,४०० झाले. शेजारच्या पेढीत ८ टक्के असेल तर ४,८००. बाराव्या हप्त्यातले ३,६०० तिथेच परत गेले. माझ्या बहिणीने भिशी लावतानाच विचारलं, "घडणावळीचा दर आज लिहून द्याल का?" मालक हसले, चहा मागवला, दर काही लिहून दिला नाही. तिने दुसरीकडे लावली. तिथे पावतीवर लिहून मिळाला, आणि तिचा फायदा खरोखर हातात आला. पेढी बुडाली तर काय, हा प्रश्न वेगळाच. पुण्यात तो कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

सहकार_जुना

निवृत्त वाणिज्य शिक्षक. मंडळी, खरेदीच्या प्रमाणात परतावा ही कल्पना दुकानदारांची नाही, गिऱ्हाइकांची आहे. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या कामगारांनी स्वतःचं दुकान काढलं, आणि नफा भांडवलावर न वाटता ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटला. फरक असा की तिथे दुकानच त्यांचं होतं. आपल्याकडे बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली ती याच जातकुळीची. टिळक रस्त्यावरच्या ग्राहक पेठ या दुकानात मी अजून जातो. पॉइंट मागितले तर तिथली मंडळी माझ्याकडे कशी बघतील याची कल्पना आहे!

दोनचाकी

पेट्रोलचं कोणी लिहिलं नाही. पंपाच्या ॲपवर पॉइंट मिळतात, पण माझ्या स्कूटरला आठवड्याला पाचशेचं लागतं, त्यात मिळणार काय? ट्रक-टॅक्सीवाल्यांना परवडत असेल. प्रश्न दुसराच आहे: नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही असं एका चपलांच्या दुकानात सांगितलं. खरं असतं का हे?

सदाशिवी

@दोनचाकी, नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने किरकोळ विक्रेत्यांना सांगितलंय की वस्तू विकताना मोबाईल नंबरची सक्ती करू नका. पुन्हा अडवलं तर १९१५ ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मी काउंटरवर नुसतं "१९१५ लावू का?" म्हटलं आणि बिल निघालं.

@पेढीवरचा_गिऱ्हाईक, घडणावळ लिहून देणारी ती पेढी कुठल्या पेठेत आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा. भाचीचं लग्न ठरतंय.