ग्रीस 'मोकळा' होता म्हणे! कोणासाठी?

खवचट_वाचक
समलैंगिकतेवर चर्चा निघाली की कोणीतरी ग्रीसचा दाखला देतंच: 'अडीच हजार वर्षांपूर्वी बघा किती पुढारलेले!' मला हे पटत नाही. अथेन्समध्ये चालायचं ते प्रौढ नागरिक आणि मिसरूड न फुटलेला मुलगा यांच्यातलं नातं. त्यालाही मर्यादा होत्याच. शरीर विकल्याच्या आरोपावरून इ.स.पू. ३४६-४५ च्या सुमारास तिमार्खोस या राजकारण्याचे नागरी हक्क गेले. बायका यात कुठे आहेत? चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिशीच्या पुरुषाशी लग्न, आणि जन्मभर बाप, नवरा नाहीतर मुलगा यांच्या ताब्यात. (मनुस्मृती आठवली ना?) इतिहासकार थुसिडिडीसने नोंदवलेल्या भाषणात अथेन्सचा नेता पेरिक्लीस युद्धातल्या विधवांना सांगतो, पुरुषांत जिची स्तुती किंवा निंदा कमीत कमी होते, ती बाई थोर. विधवांना, बरं का!

निशिगंधा
अथेन्स म्हणजे अख्खा ग्रीस नव्हे. पेरिक्लीसच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी लेस्बॉस बेटावर कवयित्री सॅफो लिहीत होती. तिच्या एका कवितेत आवडती मुलगी समोरच्या पुरुषाशी हसत बोलतेय आणि ते पाहणारीची जीभ लुळी पडते, कातडीखाली आग धावते, कान घणघणतात. याला मैत्री म्हणायचं? स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगरराज्यात तर मुलींचे समूह एकमेकींच्या रूपाची गाणी चारचौघांत गायचे. कवी आल्कमानने रचलेलं तसं एक गाणं पपायरसवर (तेव्हाच्या कागदावर) सापडलंय. चरित्रकार प्लुटार्क लिहितो, तिथल्या प्रतिष्ठित स्त्रियाही तरुण मुलींवर प्रेम करत.

खवचट_वाचक
प्लुटार्क सॅफोनंतर सात शतकांनी झाला, आणि आल्कमान पुरुष. सॅफोने लग्नाची गाणीही लिहिलीत. प्रेम असेलही, पण शेवट बोहल्यावरच.

उंटावरचा_शहाणा
दोघंही एक गोष्ट सोडताय. तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादात नाटककार अरिस्टोफेनीस बायकांकडे ओढ असलेल्या बायकांचा सरळ उल्लेख करतो, तोही निंदा न करता. म्हातारपणी 'लॉज' या ग्रंथात मात्र प्लेटो अशा संबंधांना निसर्गाविरुद्ध ठरवतो. म्हणजे गोष्ट ठाऊक होती. मग अथेन्सच्या कायद्यात तिच्यावर बंदी का दिसत नाही? परपुरुषाला घरात पकडलं तर नवरा त्याला ठार मारू शकत होता, कारण प्रश्न औरस वारसाचा होता. दोन बायकांपासून मूल होत नाही, वारशाला धक्का नाही, मग कायद्याला काय पडलंय? ही मोकळीक नव्हे, बेदखल करणं आहे.

निशिगंधा
बेदखल तर बेदखल! पहारा नव्हता तिथेच कोणी जगलं असेल.

खवचट_वाचक
'असेल' वर इतिहास लिहायचा का?

निशिगंधा
बरं, मग हे घ्या. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला कवी अस्क्लेपियादीस सामोसच्या बित्तो आणि नान्नियोन या दोघींवर नावानिशी चिडतो: प्रेमदेवता अफ्रोदितीच्या रीतीने वागत नाहीत, भलतीकडेच वळतात, देवी, यांचा तिटकारा कर! दोघी इतक्या बेदखल होत्या, तर याचा जळफळाट कशाला?

उंटावरचा_शहाणा
पोळी याच्या ताटात पडली नाही म्हणून. :)