मदत हवी आहे: मीटरवर ०.६३५ आणि कोपऱ्यात ‘एम’, बोअरची मोटार अर्थ झाली का?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. कांदेबाग केळी निसवणीला आलीय, ऊन मरणाचं तापलंय, आणि ऐन अशात बोअरची ५ एचपी थ्री फेज मोटार सुरू केली की थोड्या वेळात स्टार्टर ट्रिप होतो. वायरमनने माझ्याच डिजिटल मल्टिमीटरवर मोजलं. ०.६३५ दिसल्यावर म्हणाला, “शून्यच आलं, मोटार अर्थ झाली, काढा.” म्हणजे आतल्या तारेतला करंट मोटारीच्या लोखंडाला आणि जमिनीला लागतोय. ३०० फुटांवरची मोटार काढायची म्हणजे गाडी आली, माणसं आली, आणि तोवर बागेला पाणी नाही. म्हणून आधी इथे विचारतोय.

मोजलं असं: मेन स्विच बंद, मोटारीच्या तिन्ही वायरी स्टार्टरमधून सोडवल्या. मीटर ऑटोरेंजचा, चकती ओहमवर. वायरी आपसांत ३.४, ३.५, ३.४, शेजारी नुसतं घोड्याच्या नालीसारखं ओहमचं चिन्ह. मग एक टोक वायरीला, दुसरं केसिंगच्या लोखंडी पाइपाला लावलं तर ०.६३५, आणि चिन्हाच्या आधी मोठा ‘एम’. टोकं मोकळी सोडली की ‘ओएल’. जुन्या मीटरवर तेव्हा डावीकडे फक्त ‘१’ यायचा. हा ‘एम’ काय सांगतोय? मोटार काढू की थांबू?

उत्तर १
भाऊ, थांबा. मोठा एम म्हणजे मेगा, १० लाख. तुमचे ०.६३५ म्हणजे ६ लाख ३५ हजार ओहम, शून्य नव्हे. तिथे ‘के’ असता तर ६३५ ओहम, आणि नुसतं चिन्ह असतं तर खरोखर अर्ध्या ओहमच्या आसपास. तेव्हा वायरमनदादांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. ऑटोरेंज मीटर टिंब आणि अक्षर दोन्ही आपलं आपण बदलतो, त्यामुळे आकड्याआधी कोपरा वाचायचा. ‘ओएल’ आणि जुना ‘१’ एकच: मोजण्याच्या पलीकडे. आपसांतले तिन्ही आकडे सारखे आहेत, म्हणजे वाइंडिंग (मोटारीतलं तारेचं वेटोळं) तुटलेलं दिसत नाही.

एक विचारतो, मोजताना दोन्ही टोकांचा धातू बोटांनी दाबून धरला होता का? घामेजलेल्या हातांतून लाखांतलाच आकडा येतो, मोटार राहते बाजूला. क्लिपा लावून हात न लावता पुन्हा मोजा. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह असेल तर आधी सेल बदला.

तरीही इन्सुलेशनचा (तारेवरच्या आवरणाचा) निकाल मल्टिमीटरवर लावू नका. तो जेमतेम काही व्होल्टवर तपासतो, मोटार चालते ४१५ वर. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावून घ्या, मगच गाडी बोलवा.

उत्तर २
वरच्याशी सहमत. ट्रिपचं कारण लाइटीतही, म्हणजे येणाऱ्या वीजपुरवठ्यातही असू शकतं. मोटार चालू असताना स्टार्टरच्या मोटारीकडच्या टर्मिनलवर फेज-फेज तिन्ही जोड्या मोजा. चकती एसी व्होल्टवर, लाल वायर अँपिअरच्या भोकात नको. हे चालू लाइटीचं काम, वायरमनकडूनच करून घ्या. मोटार बंद असताना मोजू नका. फेज तुटलेला असला तरी शेजारच्या वायरीमुळे त्यावर व्होल्ट दिसू शकतात आणि फसायला होतं. तिन्ही आकडे इथे टाका.